वेलांटी ही चूक नव्हे

मोबाइल ॲपवर अर्ज भरताना मराठीत नाव लिहावे आणि खाली लाल अक्षरांत ‘नावात विशेष चिन्हे चालणार नाहीत’ असा शेरा यावा. किंवा अर्ज मुकाट्याने स्वीकारला जावा आणि पावतीवर मात्र नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटावी. हा प्रकार महाराष्ट्रात इतका अंगवळणी पडला आहे की त्याबद्दल तक्रार करावी असेही आता कोणाला वाटत नाही. विचारणा केलीच तर ठरलेली उत्तरे मिळतात: फोन जुना असेल, ॲप काढून पुन्हा टाका, नाहीतर सरळ इंग्रजीत भरा. या उत्तरांमुळे दोष भलत्याच माणसाच्या माथी जातो आणि खरे दुखणे जिथल्या तिथे राहते. आज ॲपमध्ये मराठी अक्षर मोडते तेव्हा फोनचा दोष क्वचितच असतो, भाषेचा तर नसतोच. ॲपमागची यंत्रणा उभारताना कोणीतरी घेतलेल्या, किंवा घ्यायच्या राहून गेलेल्या, एखाद्या साध्या निर्णयाचा तो परिणाम असतो. तो निर्णय कुठे चुकला हे शोधता येते आणि बहुतेक वेळा माफक खर्चात सुधारताही येते. म्हणून लोकांच्या पैशातून घेतलेले जे ॲप मराठी नाव जसेच्या तसे घेऊन जसेच्या तसे परत देत नाही, ते काम पूर्ण झाले असे मानून ताब्यात घेऊच नये, असे माझे ठाम मत आहे.

एके काळी ही अडचण खरी होती, हे मान्य केले पाहिजे. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. त्यामुळे कोणत्या अक्षराला कोणता आकडा हे आधी सर्वांनी मिळून ठरवावे लागते. भारतीय लिप्यांसाठीचा असा तक्ता भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ या नावाने १९९१ साली प्रमाण ठरवला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीसाठी १२८ जागा राखल्या गेल्या. पुढच्या वर्षी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी हे आकडे साठवण्याची यूटीएफ-८ ही पद्धत आखली, जी आज इंटरनेटवर जवळजवळ सर्वत्र चालते. तक्ते असे तयार असूनही आपल्याकडच्या छापखान्यांत आणि कचेऱ्यांत पुढची अनेक वर्षे वेगळ्याच फॉन्टांवर काम झाले. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर मराठी आकृत्या बसवलेल्या असत. फॉन्ट काढला की मराठी गायब होई आणि मागे इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन ढीग उरे. अँड्रॉइड फोनवर जोडाक्षरे धड जुळू लागली ती २०११-१२च्या सुमारास. तोवर फोनला बोल लावणे रास्त होते. पुढे २०१६ साली मानक ब्यूरोच्या आयएस १६३३३ या मानकाच्या तिसऱ्या भागाने देशात विकल्या जाणाऱ्या मोबाइलवर बावीसही अधिकृत भाषांतला मजकूर वाचता आला पाहिजे, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत लिहिता आले पाहिजे, अशी अट घातली. ‘फोनला मराठी येत नाही’ हे कारण तेव्हाच निकालात निघाले.

मग मराठी अजून का मोडते? याचे उत्तर शोधताना पहिला अडथळा असा की मोडण्याचे सगळे प्रकार आपण ‘फॉन्टचा प्रॉब्लेम’ या एकाच नावाखाली घालतो. वस्तुतः पडद्यावर काय दिसते त्यावरून बिघाडाची जागा बरीचशी कळते. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे. तो दाखवणाऱ्या ठिकाणी योग्य फॉन्ट नाही, एवढेच. पावतीचे पीडीएफ तयार करणाऱ्या सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट बसवायचा राहिला की हे हमखास होते, आणि तेच नाव फोनच्या पडद्यावर मात्र स्वच्छ दिसत असते. दुसऱ्या प्रकारात मराठीच्या जागी युरोपीय वाटणारी चिन्हे येतात. डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ‘ए’, त्याच्यामागे एखादे चलनासारखे चिन्ह, मग आणखी काही, आणि तो ‘ए’ दर दोन चिन्हांनंतर पुन्हा हजर. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. त्यातला पहिला बाइट सर्व चिन्हांना एकच असतो आणि दुसरा दोनपैकी एक. वाचणाऱ्या प्रणालीने हा मजकूर पश्चिम युरोपीय आहे असे गृहीत धरले की ती प्रत्येक बाइट सुटा अक्षर म्हणून छापते, म्हणून ती पुनरावृत्ती दिसते. इथेही मूळ मजकूर जिवंत असतो, वाचणाऱ्याची समजूत चुकलेली असते. तो तसाच पुन्हा साठवला गेला नसेल तर पूर्ण परत मिळवता येतो. काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह आले तर बाइटांची साखळी मध्येच तुटली आहे. वेलांटी किंवा मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली दिसली तर तिच्या आधीचे अक्षर हरवले आहे किंवा क्रम उलटला आहे. आणि साधी, नेहमीची प्रश्नचिन्हे आली तर मात्र काम हाताबाहेर गेले. देवनागरी ज्यात मावतच नाही अशा साठ्यात मजकूर कोंबला गेला आणि प्रत्येक चिन्हाच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह लिहिले गेले. ‘महाराष्ट्र’ची दहा प्रश्नचिन्हे होतात आणि त्यांतून ‘महाराष्ट्र’ पुन्हा काढून देणारा तज्ज्ञ जगात नाही. ज्याचे नाव त्यालाच पुन्हा विचारावे लागते.

हा फरक तक्रार ऐकणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला शिकवला पाहिजे, कारण त्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. चौकोन आले तर घाई नाही. प्रश्नचिन्हे आली तर मात्र त्या क्षणी नोंदी घेणे थांबवायला हवे, कारण प्रत्येक नव्या अर्जागणिक एकेक नाव कायमचे पुसले जात आहे. प्रत्यक्षात दोन्हींना एकच उत्तर मिळते आणि नोंदी चालूच राहतात.

या प्रश्नचिन्हांचा उगम शोधायला फार खोल जावे लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर आपल्याकडच्या असंख्य कार्यालयीन प्रणाली चालतात. तिथे मजकुराच्या रकान्याचे दोन प्रकार आहेत, एक साधा आणि एक युनिकोडचा, आणि त्यांच्या नावांत फरक फक्त सुरुवातीच्या ‘एन’ या अक्षराचा. रकाना बनवताना तो ‘एन’ राहिला तर जुन्या रचनेत मराठीची प्रश्नचिन्हे होतात. रकाना बरोबर असूनही आज्ञा लिहिताना मजकुराआधी तो ‘एन’ द्यायचा राहिला तरी तेच. मायएसक्यूएल या दुसऱ्या लोकप्रिय डेटाबेसची गोष्ट थोडी वेगळी. २०१८ साली आठवी आवृत्ती येईपर्यंत, वेगळे काही सांगितले नाही तर तो मजकूर पश्चिम युरोपीयच समजत असे. त्यातच ‘यूटीएफ-८’ म्हणून जो पर्याय त्याने बरीच वर्षे दिला तो तीन बाइटांपुरताच होता. देवनागरी त्यात मावते. पण २०१४ साली युनिकोडमध्ये आलेली आपली मोडी लिपी चार बाइट घेते आणि मावत नाही. मोडी दस्तांचा मजकूर मोडीतच साठवणारे ॲप कोणी बांधणार असेल तर त्याने हे आधी पाहून घ्यावे. फोनच्या बाजूने मात्र या साखळीत फारसे काही चुकत नाही. अँड्रॉइड मुळातच यूटीएफ-८ धरून चालतो, आणि ॲप व सर्व्हर यांच्यात माहितीची ने-आण करणाऱ्या जेसन या प्रकारासाठीही २०१७च्या मानकाने यूटीएफ-८ बंधनकारक केले आहे. अक्षर फोनमधून धडधाकट निघते आणि पलीकडच्या टोकाला मोडते.

कधी ते माणसाच्या हातूनही मोडते. पोर्टलवरून उतरवलेली यादी, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल, कर्मचारी एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडतो. फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ची खूण नसली तर एक्सेल ती अनेकदा जुन्या पद्धतीने वाचते आणि सगळी नावे युरोपीय चिन्हांत दिसतात. एवढ्यावर थांबले तर बिघडले काही नाही. पण कर्मचारी एखादा आकडा दुरुस्त करून फाइल जतन करतो, पुन्हा पोर्टलवर चढवतो, आणि चुकीचे वाचन आता कायमची नोंद होते. यासाठी त्या कर्मचाऱ्याला जबाबदार धरणे अन्यायाचे होईल. फाइल देतानाच ती खूण घालणे हे यंत्रणा बांधणाऱ्याचे काम होते.

लांबीचा घोळ याहून फसवा. ‘महाराष्ट्र’ हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा वाटतो: म, हा, रा, ष्ट्र. युनिकोडच्या हिशेबात तो दहा चिन्हांचा आहे, कारण काने आणि हलन्त वेगळे मोजले जातात. यूटीएफ-८मध्ये साठवला की तीस बाइट. रकान्याची मर्यादा ठरवणाऱ्याने ‘तीस’ लिहिताना मनात तीस इंग्रजी अक्षरे धरली आणि डेटाबेसने तीस बाइट मोजले, तर मराठी माणसाच्या वाट्याला ‘महाराष्ट्र’ एवढीच जागा येते. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी पूर्ण नावाची आपली रीत. ती त्यात बसणे अशक्य. मग नाव कापले जाते, आणि कात्री तीन बाइटांच्या मध्येच लागली की शेवटी ते काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटते. बाइटांऐवजी चिन्हे मोजावीत आणि कापताना अक्षराच्या हद्दीवरच कापावे, यासाठीची तयार साधने अँड्रॉइड व आयफोन या दोन्ही प्रकारच्या फोनांत आणि सर्व प्रमुख प्रोग्रामिंग भाषांत उपलब्ध आहेत.

आता त्या लाल शेऱ्याकडे येऊ. नावाच्या रकान्यात कोणी आकडे किंवा भलतीसलती चिन्हे भरू नयेत म्हणून ‘फक्त अक्षरे’ असा नियम घालतात. जुना नियम इंग्रजीची सव्वीसच अक्षरे ओळखत असे, त्यामुळे मराठी नाव मुळातच बाद होई. हल्ली चांगल्या हेतूने ‘जगातल्या कोणत्याही भाषेचे अक्षर’ असा उदार नियम लिहितात आणि तोही मराठीला बाद करतो. युनिकोडने प्रत्येक चिन्हाचा वर्ग ठरवला आहे. क, ख, ग ही अक्षरे. पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त यांचा वर्ग जोडचिन्हांचा. त्यामुळे ‘कमल’ आणि ‘मदन’ या नियमातून सुटतात, ‘शिंदे’ आणि ‘पाटील’ अडकतात. पायथन या भाषेतली अक्षरे तपासण्याची तयार सोय ‘शिंदे’ला ‘अक्षरेच नाहीत’ असे उत्तर देते. कोणीही तपासून पाहावे. नियमात जोडचिन्हांचा वर्ग जोडला की काम झाले, एका ओळीची दुरुस्ती आहे ही. ती होत नाही, कारण ॲप तयार करून तपासणाऱ्या साखळीत एकानेही कधी ‘शिंदे’ असे देवनागरीत टाइप करून पाहिलेले नसते. दोष तंत्रज्ञानाचा नसून तपासणीचा आहे असे मी म्हणतो ते याच आधारावर.

इथवरचे बिघाड निदान दिसतात तरी. सर्वांत घातक बिघाड दिसत नाहीत. ‘दऱ्या’मधला आडवा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो आणि दोन्ही युनिकोडला मान्य आहेत. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह वापरतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य, रुंदी नसलेले जोडचिन्ह. कोणता कीबोर्ड कोणता प्रकार उमटवतो हे लिहिणाऱ्याला कळतही नाही, कारण पडद्यावर दोन्ही सारखेच. पण काही ॲप सुरक्षिततेसाठी सगळी अदृश्य चिन्हे गाळून टाकतात. ते चिन्ह गळले की दऱ्यांचा दर्या होतो, आचाऱ्यांना पाठवलेली सूचना आचार्यांना जाते, आणि गोऱ्हे, कऱ्हाडे, कुऱ्हाडे या आडनावांवर नको तो रफार चढतो. चिन्ह गाळले नाही तरी प्रश्न उरतोच. नोंद एका प्रकाराने झाली आणि शोध दुसऱ्या प्रकाराने घेतला, तर संगणकाला ती दोन वेगळी नावे वाटतात. ‘ॲ’चीही तीच गत. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली. त्याआधी तो ‘अ’वर अर्धचंद्र चढवून लिहिला जात असे आणि अजूनही काही कीबोर्डांवर तसाच उमटतो. दिसायला सारख्या दोन लेखनांना एक करण्याची युनिकोडची जी प्रमाणित प्रक्रिया आहे तीही या दोघांना एक करत नाही. ते काम मराठी जाणणाऱ्यानेच नियम लिहून करावे लागते. आणि विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टाइप करण्याची आपली जुनी सवय आहेच. अशी सरमिसळ झालेल्या लाभार्थ्यांच्या यादीत एखाद्या बाईने स्वतःचे नाव शोधले आणि ‘नोंद सापडली नाही’ असे उत्तर आले, तर तिला काय कळणार? नाव यादीत आहे, तिच्या डोळ्यांना दिसते त्याच अक्षरांत आहे, तरी यंत्र नाही म्हणते. खिडकीपलीकडचा माणूसही यंत्रावरच विश्वास ठेवतो. या न दिसणाऱ्या चुकीची किंमत लाभ नाकारला गेलेला माणूस मोजतो, आणि का नाकारला गेला हे त्याला कोणीच सांगू शकत नाही.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसांचा असतो: नाव इंग्रजीत घेतले की हे सगळे प्रश्न संपतात, बँकेला आणि आयकराला तरी इंग्रजीच लागते. हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण रोमन लिपीत ‘के-ए-एल-ई’ लिहिलेला माणूस काळे की काले, आणि ‘एस-ए-एन-ई’ म्हणजे साने की साणे, हे कोणी ठरवायचे? एकाच माणसाचे रोमन स्पेलिंग शाळेच्या दाखल्यावर एक आणि बँकेत दुसरे, आणि त्यापायी होणारी धावपळ, हे घराघरांत ठाऊक आहे. देवनागरी नोंद जोडीला असेल तर ओळख अधिक पक्की होते. आधार कार्डावर नाव इंग्रजी आणि स्थानिक भाषा अशा दोन्हींत छापले जाते, म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या ओळखव्यवस्थेने दोन्ही लिप्या एकत्र सांभाळून दाखवल्या आहेत. लोक स्वतःहून रोमन लिपीत मराठी लिहितात, मग सोय कशाला, असेही म्हटले जाते. रकान्याने वारंवार नाकारलेला माणूस पुढच्या वेळी रोमनच लिहिणार. त्याची नाइलाजाने लागलेली सवय त्याच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरू नये.

सुरक्षिततेचा आक्षेप जास्त गंभीर आहे. सारखी दिसणारी अक्षरे आणि अदृश्य चिन्हे वापरून फसवणूक करता येते, हे खरेच. पण त्यावरचा उपाय सरसकट गाळणी हा नाही, आणि योग्य उपाय नव्याने शोधायचीही गरज नाही. इंटरनेटवरील पत्त्यांसाठीच्या मानकात २०१० सालीच नियम घातला आहे की ते अदृश्य जोडचिन्ह हलन्ताच्या लगेच नंतर आले तर चालेल, इतरत्र नाही. मराठीला ते नेमके तिथेच लागते. जागतिक पत्तेव्यवस्थेला एवढा नियम पुरतो, तर नळपट्टी भरण्याच्या ॲपला तो पुरायला हरकत नसावी.

खर्चाच्या आक्षेपात एका ठिकाणी तथ्य आहे. मराठी मजकूर तिप्पट जागा घेतो ही तक्रार आजच्या साठवणुकीच्या भावात निरर्थक आहे. अर्जासोबत जोडलेला एक फोटो हजारो नावांहून जड असतो. एसएमएसचे मात्र तसे नाही. इंग्रजी संदेशात १६० अक्षरे मावतात. त्यात देवनागरीचे एक जरी चिन्ह आले तरी मर्यादा ७०वर येते, त्यामुळे मराठी संदेश लवकर दुप्पट-तिप्पट पैशांचा होतो. यावर मार्ग निघाला नव्हता असे नाही. मोबाइल संदेशांच्या आंतरराष्ट्रीय मानकात हिंदीसह दहा भारतीय भाषांसाठी वेगळे अक्षरतक्ते फार पूर्वी घातले गेले, पण ते व्यवहारात रुजलेच नाहीत. हा भुर्दंड आज खरा आहे आणि सार्वजनिक सेवांनी तो सोसावा, असे माझे मत आहे. जो संदेश वाचणाऱ्याला कळत नाही तो स्वस्त असून उपयोग काय? शिवाय ७० चिन्हांत नेमके लिहिता येते; आपले शासकीय संदेश लांब होतात ते बहुधा बोजड भाषेमुळे.

जुन्या फॉन्टांत अडकलेल्या मजकुराचे काय, हा प्रश्न उरतो, आणि तो खरोखर अवघड आहे. अशा फॉन्टांत तयार झालेली पीडीएफ फोनवर दिसतात नीट, पण त्यांतला शब्द शोधता येत नाही आणि ओळ उचलून दुसरीकडे टाकली की तिचा इंग्रजी ढीग होतो. पण आपल्यापेक्षा कठीण अवस्थेतून गेलेला शेजारी देश आहे. म्यानमारमध्ये ‘झॉजी’ नावाचा फॉन्ट इतका पसरला होता की देशातले बहुसंख्य फोन त्यावरच चालत, आणि तो युनिकोडचेच आकडे वेगळ्या अर्थाने वापरत असल्याने एका फोनवरचा मजकूर दुसऱ्यावर वाचता येत नसे. तिथल्या सरकारने १ ऑक्टोबर २०१९ हा युनिकोडकडे वळण्याचा दिवस जाहीर केला, फेसबुकसारख्या कंपन्यांनी आपोआप रूपांतराची सोय केली आणि देश वळू लागला. आपल्याकडे तर फोन सगळे युनिकोडवरच आहेत. अडकले आहेत ते दस्तऐवज. त्यांच्या रूपांतराची साधनेही आहेत. ती शंभर टक्के अचूक नसतात, म्हणून माणसाने तपासणी करावी लागेल, आणि त्याला वर्षे लागतील. पण जुने ओझे मोठे आहे म्हणून आज बांधल्या जाणाऱ्या ॲपमध्येही नवी मोडतोड चालवून घ्यावी, हे त्यातून निघत नाही.

फोन कधीच चुकत नाही असा माझा दावा नाही. फेब्रुवारी २०१८मध्ये तेलुगूतले एक विशिष्ट जोडाक्षर आयफोनवर आले की संदेशांची ॲप बंद पडत होती. तो दोष सर्वस्वी ॲपलचा होता. पण बातमी फुटल्यावर काही दिवसांतच दुरुस्तीची नवी आवृत्ती आली, कारण कंपनीने त्याला बिघाड मानले. तेलुगू भाषकांना इंग्रजीत संदेश लिहा असे कोणी सांगितले नाही.

नाव बरोबर नोंदले जाणे हा हक्क आहे, असे न्यायालयानेही मानल्याचे उदाहरण युरोपात आहे. ब्रसेल्सच्या अपील न्यायालयाने २०१९ साली एका बँकेला ग्राहकाचे नाव त्यातल्या स्वरचिन्हासह लिहायला भाग पाडले. आपली संगणकप्रणाली १९९५ची आहे आणि तिला ते चिन्ह येत नाही, हा बँकेचा बचाव न्यायालयाने स्वीकारला नाही. आपल्या संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या बाराव्या कलमात स्वतःविषयीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे. प्रश्नचिन्हांत बदललेले नाव ही चुकीची माहिती नव्हे, असे कोण म्हणेल? राज्याचा कारभार मराठीतून चालावा यासाठी आपल्याकडे १९६४चा राजभाषा अधिनियम आहे आणि मराठीला केंद्राने ऑक्टोबर २०२४मध्ये अभिजात भाषेचा दर्जा दिला आहे. ज्या राजभाषेतले आडनाव राज्याच्या ॲपमध्ये मावत नाही, तिच्या दर्जाचा सामान्य माणसाला काय उपयोग?

म्हणून मागणी एकच आणि मोजता येईल अशी आहे. सार्वजनिक सेवेच्या प्रत्येक ॲपच्या निविदेत मराठी मजकुराची स्वीकृती चाचणी ही अट असावी आणि ती उत्तीर्ण झाल्याशिवाय अंतिम देयक निघू नये. ज्ञानेश्वर, हृषीकेश, शिंदे, गोऱ्हे, ‘ॲड.’ लावलेले एखादे नाव, विसर्ग असलेला एखादा पत्ता, आणि पूर्ण लांबीची काही नावे. ती ॲपमध्ये भरावीत, मग पावतीत, एसएमएसमध्ये, उतरवलेल्या यादीत आणि शोधात पाहावीत. कुठेही एक वेलांटी बदलली तर काम अपूर्ण. ही तपासणी यंत्राकडून प्रत्येक नव्या आवृत्तीला आपोआप करून घेता येते. चाचणीची अशी नावे आणि एकाच अक्षराच्या दोन लेखनांना एक करण्याचे नियम राज्य मराठी विकास संस्थेने पुण्याच्या सी-डॅकसारख्या संस्थेच्या मदतीने तयार करून सर्वांना मोफत द्यावेत. प्रत्येक महापालिकेने, विद्यापीठाने आणि सहकारी बँकेने ते वेगवेगळे शोधत बसण्याचे कारण नाही.

वाचकांनीही एक करावे. मराठी मजकूर मोडला की ॲप काढून पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नये. पडद्याचे छायाचित्र घ्यावे, आपण काय टाइप केले होते आणि काय दिसले, चौकोन की प्रश्नचिन्हे की भलतीच अक्षरे, हे नेमके लिहून तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. आणि उत्तर ‘इंग्रजीत भरा’ असे आले, तर ते लेखी मागून घ्यावे.